अनुनयाचे सामाजिक मानसशास्त्र : मावळातील भातखाचराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

दुसऱ्याचे मन कसे वळवावे, हा प्रश्न मानसशास्त्र या विद्याशाखेहून कितीतरी जुना आहे. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्राची मांडणी करताना वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्यांच्या भावना आणि प्रत्यक्ष युक्तिवाद अशी अनुनयाची तीन साधने सांगितली. भारतीय राजनीतिविचारात साम, दाम, दंड व भेद या उपायांमध्ये ‘साम’ला पहिले स्थान देण्यात आले. विसाव्या शतकात या प्रश्नाला प्रयोगाची जोड मिळाली आणि सामाजिक मानसशास्त्राची एक महत्त्वाची शाखा त्यातून उभी राहिली.

या शाखेचा परिचय आपल्या अभ्यासक्रमांतून बहुधा जाहिरात, निवडणूक प्रचार अथवा परदेशी विद्यापीठांतील प्रयोगशाळा यांच्या उदाहरणांनी करून दिला जातो. प्रस्तुत लेखात मात्र पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याचा, विशेषतः इंद्रायणीच्या खोऱ्यातील वडिवळे व कामशेत परिसरासारख्या भातशेतीच्या गावांचा संदर्भ घेतला आहे. या गावांच्या मनावर गेल्या काही दशकांत दोन प्रकारचे अनुनय एकाच वेळी होत आले. एक भाताची लागवड सुधारण्याविषयीचा आणि दुसरा भाताची जमीन विकण्याविषयीचा. दोन्ही अनुनयांची तंत्रे पुष्कळ अंशी सारखी आहेत. परिणाम मात्र अत्यंत भिन्न आहेत. तंत्र सारखे असताना एका प्रभावाला आपण प्रबोधन म्हणतो आणि दुसऱ्याविषयी साशंक होतो, ते कोणत्या आधारावर, याचे विवेचन करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

अनुनय : संकल्पना आणि संशोधनाची वाटचाल :

अनुनय म्हणजे बळाचा वापर न करता, संदेशाच्या किंवा उदाहरणाच्या साहाय्याने दुसऱ्या व्यक्तीच्या अभिवृत्तीत अथवा वर्तनात बदल घडवून आणण्याची प्रक्रिया होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर येल विद्यापीठात कार्ल हॉव्हलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रक्रियेचा पद्धतशीर अभ्यास केला. कोण सांगतो, काय सांगतो आणि कोणाला सांगतो, अशी त्यांच्या अभ्यासाची विभागणी होती. विश्वासार्ह व्यक्तीकडून आलेला संदेश तत्काळ अधिक परिणाम करतो, हे त्यांनी दाखविले. त्याचबरोबर काळ लोटल्यावर सांगणारा विसरला जातो व सांगितलेले तेवढे मनात उरते, हेही निदर्शनास आणले.

लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये बोधनिक विसंवादाचा सिद्धान्त मांडला. मनुष्य आधी विचार करतो व मग कृती करतो, हा आपला समज नेहमीच खरा नसतो. पुष्कळदा तो आधी कृती करतो आणि नंतर त्या कृतीशी जुळेल असा विचार स्वीकारतो. रिचर्ड पेटी व जॉन कॅसिओपो यांनी १९८६ मध्ये अनुनयाचे दोन मार्ग सांगितले. विषयात रस, वेळ व क्षमता असेल तर मनुष्य युक्तिवाद तपासतो; हा मध्यवर्ती मार्ग. तसे नसेल तर सांगणाऱ्याचा पोशाख, हुद्दा, गर्दीचा कल अशा बाह्य खुणांवरून तो निर्णय घेतो. हा परिघीय मार्ग. पहिल्या मार्गाने झालेला बदल अधिक टिकाऊ असतो.

रॉबर्ट चाल्डिनी यांनी विक्रेते, देणग्या गोळा करणारे व जाहिरातदार यांच्या व्यवहाराचे निरीक्षण करून १९८४ मध्ये प्रभावाची सहा तत्त्वे मांडली : परतफेड, वचनबद्धता व सुसंगती, सामाजिक दाखला, आपुलकी, अधिकार आणि दुर्मिळता. पुढे २०१६ मध्ये त्यांनी ‘आपलेपणा’ हे सातवे तत्त्व जोडले. ही तत्त्वे स्वभावतः चांगली किंवा वाईट नाहीत. सर्वसाधारण व्यवहारात ती उपयोगीच ठरतात. कारण प्रत्येक बाब मुळापासून तपासत बसणे कोणालाही शक्य नसते. ज्या वाटेने बहुसंख्य लोक जातात ती वाट बहुधा सुरक्षित असते. परंतु याच सोयीमुळे मनाचे दार नकळत उघडे राहते.

राबाचा धडा : सांगणाऱ्याने आधी ऐकावे :

मावळ, मुळशी व कोकण या भागांत भाताचे रोप तयार करण्यापूर्वी रोपवाटिकेची जमीन भाजण्याची पद्धत परंपरेने चालत आली. शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर पसरून ते पेटवायचे आणि मग पावसाच्या तोंडावर बी पेरायचे, यालाच राब म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश प्रशासनाच्या, विशेषतः वनखात्याच्या दृष्टीने ही पद्धत झाडांची व खताची नासाडी करणारी होती. शेतकरी अडाणी असल्यामुळे तो ती सोडत नाही, असा सोपा निष्कर्ष काढणे अधिकाऱ्यांना शक्य होते.

प्रत्यक्षात अभ्यास झाला तेव्हा चित्र वेगळे दिसले. डॉ. जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी भारतीय शेतीवरील आपल्या १८९३ च्या अहवालात राबाची दखल घेतली आणि शेतकऱ्याच्या या पद्धतीमागे अनुभवाचा आधार असल्याचे मान्य केले. पुढे पुणे येथील कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांच्यासह पश्चिम भारतातील राब पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास करून तो १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. राबात केवळ राखेचे खत मिळते असे नाही. माती तापल्यामुळे तिच्यातही बदल होतात आणि तणांचे बी जळते. म्हणजे राब सोडण्यास नकार देणारा शेतकरी हट्टी नव्हता. त्याच्या नकाराला कारण होते, फक्त ते शास्त्राच्या भाषेत मांडलेले नव्हते.

अनुनयाच्या दृष्टीने हा धडा मूलभूत आहे. आपण ज्याला ‘बदलास विरोध’ म्हणतो, त्यात पुष्कळदा न ऐकलेली माहिती दडलेली असते. शिवाय जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये मांडल्याप्रमाणे, आपले निवडीचे स्वातंत्र्य कोणी हिरावून घेत आहे असे वाटताच मनुष्य ते टिकविण्यासाठी प्रतिकार करतो. बंदी व उपदेश यांनी हा प्रतिकार वाढतो. राबाला आज पर्याय उपलब्ध आहेत आणि झाडांच्या दृष्टीने ते इष्टही आहेत. परंतु तणांचा व रोपाच्या जोमाचा प्रश्न न सोडविता दिलेला पर्याय शेतकऱ्याला पटणार नाही. त्याला आपण ‘न पटणे’ म्हणावे. ‘न समजणे’ म्हणू नये.

इंद्रायणी : वाणातच मुरलेला अनुनय :

मावळचा आंबेमोहर त्याच्या सुगंधासाठी प्रसिद्ध. तथापि हा वाण उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो आणि त्याचे उत्पन्न कमी. याउलट १९६६ मध्ये फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसारित केलेला आयआर-८ हा वाण बुटका व भरघोस उत्पन्न देणारा होता. परंतु त्याचा दाणा जाड आणि शिजलेल्या भाताला आपल्याकडील चवीची सर नव्हती. उत्पन्नाचे आकडे कितीही आकर्षक असले, तरी ज्या घरात पिकवलेला भात प्रथम घरच्यांच्या ताटात पडतो, तेथे केवळ आकड्यांनी निर्णय होत नाही.

वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ व आयआर-८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हा वाण विकसित केला आणि १९८७ मध्ये तो प्रसारित झाला. सुगंध व मऊपणा एका बाजूने आला, उत्पादकता दुसऱ्या बाजूने. आज मावळात आणि बाजारपेठेत ‘इंद्रायणी’ हे नाव स्वतंत्र ओळख बनले आहे.

एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नवकल्पनांच्या प्रसाराचा सिद्धान्त मांडताना नव्या गोष्टीच्या स्वीकारावर परिणाम करणारी पाच वैशिष्ट्ये सांगितली : सापेक्ष लाभ, प्रचलित जीवनाशी सुसंगती, गुंतागुंतीचे प्रमाण, लहान प्रमाणावर करून पाहण्याची सोय आणि परिणाम इतरांना दिसणे. इंद्रायणीच्या बाबतीत ही वैशिष्ट्ये जवळजवळ सर्वच अनुकूल होती. अवजारे तीच, खाचर तेच, लावणीची रीत तीच. एका खाचरात नवे बी पेरून बाकीच्या खाचरांत जुने ठेवता येत होते. उभे पीक बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते. येथे शेतकऱ्याचे मन वळविण्याआधी संशोधकांनी वाण त्याच्या गरजेकडे वळविला होता. अनुनय करणाऱ्याने स्वतः किती वळावे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या प्रक्रियेचा अमेरिकेतील एक प्रसिद्ध समांतर अभ्यास येथे आठवतो. ब्राइस रायन व नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये आयोवा राज्यातील दोन वस्त्यांत संकरित मक्याचा प्रसार कसा झाला, ते तपासले. अभ्यासातील २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे वगळता सर्वांनी १९४१ पर्यंत नवे बी स्वीकारले होते. बियाण्याची पहिली माहिती अनेकांना विक्रेत्याकडून मिळाली. परंतु प्रत्यक्ष निर्णयावर सर्वाधिक प्रभाव शेजाऱ्याचा होता. शिवाय बहुतेकांनी एकदम सर्व जमिनीत नवे बी न पेरता थोड्या क्षेत्रात करून पाहिले. माहिती बाहेरून येते, विश्वास मात्र बांधापलीकडून येतो.

चारसूत्री लागवड आणि गटनिर्णय :

वाण बदलणे तुलनेने सोपे, कारण त्यात एक वस्तू बदलते. पद्धत बदलणे अवघड, कारण तीत माणसांचे परस्परसंबंध बदलतात. डॉ. नारायण सावंत यांनी पुरस्कारिलेली चारसूत्री भातलागवड हे त्याचे उदाहरण. भाताच्या पेंढ्याचा व तुसाच्या राखेचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला हिरवळीच्या खतासाठी वापरणे, १५ व २५ सेंटिमीटर अशी आलटून-पालटून नियंत्रित लावणी आणि चार चुडांच्या चौकोनात मध्यभागी युरिया-डीएपी ब्रिकेट खोचणे, ही ती चार सूत्रे. खत पाण्याबरोबर वाहून न जाता मुळांजवळ राहते, हा तिचा तर्कशुद्ध लाभ आहे.

अशा पद्धतीची माहिती बहुधा सभेत दिली जाते आणि सभेला खातेदार पुरुष बसतात. लावणी मात्र मुख्यतः स्त्रिया करतात. दोरीच्या खुणांवर चूड लावायचे म्हणजे वाकून मागे सरकण्याची सवयीची गती मोडायची. पाऊस लागून राहिलेला असताना, आवण निघाल्यावर, ठरावीक दिवसांत सर्वांची खाचरे लावून व्हायची असतात. इर्जिकीने किंवा सावडीने काम होत असेल तर एका घराने निराळी रीत धरल्यास साऱ्या गटाचा वेग बदलतो. अशा वेळी एकट्या खातेदाराचे मतपरिवर्तन पुरेसे ठरत नाही.

कुर्ट लेविन यांचे युद्धकाळातील संशोधन येथे अत्यंत उद्बोधक आहे. मांसाच्या टंचाईमुळे अमेरिकी गृहिणींनी प्राण्यांचे काळीज, मूत्रपिंड इत्यादी भाग स्वयंपाकात वापरावेत, असा शासनाचा प्रयत्न होता. काही गटांना व्याख्यान देण्यात आले; काही गटांत अडचणींची मोकळी चर्चा होऊन शेवटी, कोण करून पाहणार, असे विचारून हात वर करण्यास सांगण्यात आले. व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी अवघ्या ३ टक्के स्त्रियांनी, तर चर्चा व निर्णय करणाऱ्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी तो पदार्थ घरी केला. लेविन यांनी गृहिणीला अन्नाच्या वाटेवरील ‘द्वारपाल’ म्हटले. ताटात काय येणार हे ज्याच्या हाती, त्याच्याशीच बोलले पाहिजे. भातलावणीचा द्वारपाल खाचरात वाकलेला आहे. सभेच्या सतरंजीवर तो नाही.

वचन जाहीर असले की ते पाळण्याची शक्यता वाढते, हेही यातून सूचित होते. मावळच्याच कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर दात्यांची नावे, गावांसह, कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट येथील अनेक दाते आहेत आणि स्वतःला यवन म्हणविणारेही आहेत. दानामागे श्रद्धा असणारच. परंतु पुढच्या येणाऱ्याने ती नावे वाचली की दान ही आपल्यासारख्यांनी करण्याची गोष्ट आहे, असा संदेश त्याला आपोआप मिळतो. सामाजिक दाखल्याचे तत्त्व प्रयोगशाळेत सिद्ध होण्यापूर्वी सुमारे दोन हजार वर्षे या खोऱ्यात दगडावर वापरले गेले होते.

घाटाखाली कर्जत तालुक्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी २०११ पासून पुढे आणलेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणी व लावणी दोन्ही टाळून गादीवाफ्यावर थेट बी टोकले जाते. येथे सांगणारा स्वतः शेतात करणारा आहे. हॉव्हलँड यांच्या भाषेत हा स्रोताच्या विश्वासार्हतेचा, चाल्डिनींच्या भाषेत आपलेपणाचा भाग होय.

इसार : दुसऱ्या प्रकारचे लहान पाऊल :

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णतः सुरू झाला आणि मावळातील जमिनीकडे पाहण्याची बाहेरच्यांची दृष्टी बदलली. बंगले, फार्महाऊस व प्लॉटिंग यांसाठी जमिनीची मागणी वाढली आणि गावोगाव जमिनीचे एजंट दिसू लागले. जमीन विकणे हा खातेदाराचा अधिकार आहे आणि कर्ज, आजारपण, मुलांचे शिक्षण अशी विक्रीमागची कारणे खरी असतात. सर्वच एजंट फसवितात, असेही म्हणता येणार नाही. येथे प्रश्न विक्रीचा नसून निर्णय कोणत्या मार्गाने घडविला जातो, याचा आहे.

अशा व्यवहाराची सर्वपरिचित घडण चाल्डिनींच्या तत्त्वांशी ताडून पाहता येते. एजंट बहुधा भावकीतला किंवा शेजारच्या गावातला असतो, ही आपुलकी. लग्नकार्यात तो मदतीला उभा राहतो, दवाखान्यात गाडी पाठवितो. ही परतफेडीची पेरणी. ‘वरच्या आळीने दिली, खालच्या आळीने दिली, आता मध्ये तुझाच तुकडा राहिला’ हा सामाजिक दाखला. ‘पार्टी उद्या परत जाणार, हा भाव पुन्हा येणार नाही’ ही दुर्मिळता. स्टीफन वॉर्शेल व सहकाऱ्यांच्या १९७५ च्या प्रयोगात तीच बिस्किटे बरणीत दहाऐवजी दोन असताना लोकांना अधिक हवीशी वाटली होती. येथे बिस्किटांच्या जागी सातबारा असतो.

आणि शेवटी इसार. जोनाथन फ्रीडमन व स्कॉट फ्रेझर यांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात केलेल्या प्रयोगात, घराच्या अंगणात ‘सावकाश वाहन चालवा’ असा मोठा, बेढब फलक लावू द्याल का, असे विचारता अवघे १७ टक्के लोक तयार झाले. परंतु ज्यांनी आधी त्याच विषयाची छोटी पाटी लावली होती, त्यांच्यापैकी ७६ टक्के तयार झाले. नंतरच्या संकलित अभ्यासांत हा परिणाम सरासरीने बराच लहान दिसला आहे. तरी त्याची दिशा कायम आहे. लहान होकार मोठ्या होकाराची वाट करून देतो. इसाराची रक्कम हा असाच लहान होकार. कागदावर माघारीची वाट असू शकते. परंतु रक्कम खर्च झालेली असते, शब्द दिलेला असतो आणि गावात बातमी पोचलेली असते. मग साठेखत, कुलमुखत्यारपत्र, खरेदीखत या पायऱ्या ‘आता शब्द फिरवायचा कसा’ या एका विचारावर ओलांडल्या जातात. विसंवाद सहन होत नाही. म्हणून ‘नाहीतरी शेतीत काय राहिले आहे’ हे समर्थन मागाहून जन्माला येते.

प्रभावाची नैतिक कसोटी :

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. एका खाचरात इंद्रायणी पेरून पाहणे हे लहान पाऊल आहे आणि इसार घेणे हेही लहान पाऊलच आहे. शेजाऱ्याचे पीक पाहून निर्णय घेणे हा सामाजिक दाखला आणि शेजाऱ्याची विक्री पाहून निर्णय घेणे हाही सामाजिक दाखला. मग भेद कोठे आहे?

पहिला भेद माहितीचा. एका खाचरातील प्रयोग शेतकऱ्याला काहीतरी शिकवितो. उतारा किती पडला, भाताची चव कशी, पेंढा जनावरे खातात की नाही, हे हंगामाच्या अखेरीस त्याला स्वतः कळते. इसार घेतल्याने जमीन विकल्यानंतरच्या आयुष्याविषयी काहीच कळत नाही. तो केवळ बांधतो, शिकवीत नाही.

दुसरा भेद परत फिरण्याचा. नवे बी पसंत पडले नाही तर पुढच्या वर्षी जुने पेरता येते. त्यातही पूर्ण माघार नेहमी शक्य नसते, हे नमूद केले पाहिजे. इंद्रायणीच्या प्रसाराबरोबर आंबेमोहराचे क्षेत्र आक्रसले. पुढे मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन लाभले, ही त्याच्या जपणुकीची गरज भासल्याची खूण आहे. तथापि बियाणे जपले तर परतीची वाट उरते. विकलेल्या जमिनीबाबत ती जवळजवळ उरत नाही. कारण मिळालेल्या पैशांत त्याच भावाने तीच जमीन पुन्हा मिळत नाही.

तिसरा भेद वेळेचा. प्रामाणिक अनुनय श्रोत्याला विचारासाठी वेळ देतो, कारण विचाराअंती आपले म्हणणे टिकेल असा त्याला भरवसा असतो. घाईचा आग्रह हा श्रोत्याला मध्यवर्ती मार्गावरून परिघीय मार्गावर ढकलण्याचा उपाय होय. म्हणून निर्णय जितका अपरिवर्तनीय, तितका सांगणाऱ्याने वेळ अधिक दिला पाहिजे. व्यवहारात नेमके उलट घडते. दहा रुपयांच्या बियाण्याच्या पुडीबद्दल हंगामभर चर्चा होते आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनीचा निर्णय एका रात्रीत मागितला जातो.

प्रभावाच्या या ओघात एकटा मनुष्य काय करू शकतो? सॉलोमन ॲश यांच्या १९५१ पासूनच्या प्रयोगांत, गटातील सर्वांनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले की सुमारे तीन चतुर्थांश व्यक्ती निदान एकदा तरी त्या उत्तरामागे गेल्या. परंतु गटात खरे उत्तर देणारा एकजण जरी भेटला, तरी दबाव एकदम ओसरला. घरात ‘चार दिवस थांबू, कागद कोणाला तरी दाखवू’ असे म्हणणारी एक व्यक्ती असणे याचे मोल त्यावरून लक्षात येते. ती व्यक्ती पुष्कळदा घरातील स्त्री असते आणि व्यवहाराच्या बैठकीत तिला बोलावलेले नसते.

निष्कर्ष :

१. बदलास होणारा विरोध ही प्रथम माहिती मानावी. राबाच्या अभ्यासाने शेतकऱ्याच्या नकारामागील कारण शास्त्रज्ञांनाच शिकविले.

२. टिकाऊ मतपरिवर्तन बोलण्यापेक्षा करून पाहण्याने व शेजाऱ्याचे पाहण्याने होते. आणि ज्यांच्या हातून कृती घडते त्यांच्याशी संवाद साधल्यावाचून ते होत नाही.

३. प्रभावाची तंत्रे नैतिकदृष्ट्या तटस्थ आहेत. तपासता येणे, परत फिरता येणे आणि विचारास वेळ मिळणे, या तीन कसोट्यांवर त्यांच्या वापराची योग्यता ठरवावी.

४. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून गावात व्याख्याने होतात, पथनाट्ये होतात, प्रतिज्ञाही घेतल्या जातात. त्यांची आखणी करताना लेविन यांच्या ३ व ३२ या आकड्यांचे स्मरण ठेवणे उपयुक्त ठरेल. स्वयंसेवकांनी गावाला काय सांगावे याबरोबरच, गावाला कोण काय सांगत आहे ते ओळखण्यास मदत करावी. जमिनीच्या व्यवहारात सातबारा, फेरफार व करारनाम्याचा मसुदा घरातील सर्वांसमोर, स्त्रियांसह, वाचून दाखविणे हे साधे काम विद्यार्थी करू शकतात. त्यातून कोणी जमीन विकेल, कोणी राखेल. निर्णय त्या घराचा राहील. अनुनयाच्या मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीने समाजाला द्यावयाचे ते एवढेच, की ‘हो’ म्हणण्यापूर्वीचा तो थोडासा अवकाश शाबूत राहावा.